तांजुंग सिरीचा माल

वसंतराव सामंतांना बाजारात कुणी विचारलं, "सामंतशेठ, यंदाचं जायफळ कुठलं?" की ते पापणी न लववता सांगत, "तांजुंग सिरीचं." अकरा वर्षं हेच सांगत आले होते. ऐकणारा मान डोलवी आणि जिना उतरता उतरता मनात म्हणे, म्हातारा थापा मारतोय. थापा मारतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, खरं काय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. दुबईत, देराच्या मसाल्याच्या गल्लीत याला खोटं बोलणं म्हणत नसत. धंदा म्हणत.

खरं गाव होतं वायमोरी. इंडोनेशियाच्या पार पूर्वेला, अंबोन शहरापासून मोटरबोटीने अडीच तासांवर नुसाहातू नावाचं चिमुकलं बेट, आणि त्या बेटाच्या मागल्या अंगाला हे नव्वद घरांचं गाव. एक पांढरं चर्च, एक शाळा, मागे डोंगरभर जायफळाची झाडं. वसंतराव मूळचे वेंगुर्ल्याचे, जायफळ त्यांनी परसात पाहिलेलं. पण नखाने ओरखडलं तर दिवसभर बोटाचा वास जाऊ नये, असं तेलकट फळ त्यांनी इथेच पाहिलं. ते अठ्ठ्याऐंशी साली, बोट बिघडली म्हणून तिथे अडकून पडले तेव्हा. त्या दिवसापासून त्यांनी बाजाराला ताकास तूर लागू दिली नाही. माल सुराबायाच्या बंदरात उतरला की गोणी बदलायच्या. वायमोरीच्या बायका गोणीच्या तोंडाशी निळ्या दोऱ्याची खूण घालत, ती खूण कधी देरात पोचली नाही. तांजुंग सिरी नावाचं गावही होतं, नाही असं नाही, पण ते पलीकडच्या बेटावर. वसंतराव तिथे जन्मात गेले नव्हते. नकाशावरून नाव उचललं, झालं.

त्यांचा मुलगा सत्यजित बाविसाव्या वर्षी धंद्यात आला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी दार लावून त्याला दोन गोष्टी सांगितल्या. वाळलेलं जायफळ कानाशी हलवून आतली बी कशी ऐकायची, ही पहिली. वायमोरी हा शब्द या खोलीबाहेर काढायचा नाही, ही दुसरी. आईपाशी नाही आणि उद्या लग्न झालं तर बायकोपाशीही नाही. बायका बडबडतात म्हणून नव्हे हो, फोनवर बोलताना शेजारी कोण उभं आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही म्हणून, असं वर स्पष्टीकरण. पुढे आई गेली, लग्न झालं, नातू देवांश पाच वर्षांचा झाला. सत्यजितची बायको ऋता, दुबईतल्याच करामा भागात एका इंडियन स्कूलमध्ये शिकवणारी, चांगली चौकस बाई. पण नवरा दर वर्षी जातो ते गाव तिलाही तांजुंग सिरी म्हणूनच माहीत होतं.

आणि जावं लागेच. त्या बेटांवर सासी नावाचा रिवाज आहे. झाडाला फळ धरलं की बांधावर माडाच्या झावळ्या बांधून ठेवतात, आणि मग गावातल्या कुणीही, खुद्द पाद्रीबाबांनीही, एक फळ तोडायचं नाही. महिने लोटले की चर्चमध्ये प्रार्थना होते, झावळ्या सोडतात, आणि तोडणी सुरू. त्या दिवशी जो व्यापारी स्वतः चर्चच्या अंगणात उभा असेल, माल त्याचा. फोन, चिठ्ठी, मध्यस्थ, काही चालत नाही. राखणदारांचा मुख्य याकोब नावाचा म्हातारा होता. सगळं गाव त्याला ओपा म्हणे, ओपा म्हणजे आजोबा. तो या बाबतीत भलता कडक होता आणि सत्यजितवर त्याचा जीव होता. नव्व्याण्णव साली सासी उघडायची होती एकवीस जानेवारीला, गुरुवारी. सत्यजित सतराला अंबोनमध्ये पोचला. त्या रात्री हॉटेलातून फॅक्स आला: उद्या सकाळी निघतो, गुरुवारी उघडतंय, शनिवारी परत. गावाचं नाव नव्हतं. बापाने तयार केलेलं पोर ते.

एकोणीस तारखेला, मंगळवारी, ईद होती. वसंतराव करामातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पेपर वाचत पडले होते. टीव्हीवर इंग्रजी बातम्या चालू होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. मग बातमी देणाऱ्या बाईच्या तोंडून अंबोन हा शब्द आला.

स्वयंपाकघरातून ऋता ओल्या हातांनीच बाहेर आली. पडद्यावर धूर, पळणारी माणसं, एक उलटी पडलेली हातगाडी. कसल्याशा क्षुल्लक भांडणावरून दुपारी सुरुवात झाली, म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत ख्रिश्चन आणि मुसलमान वस्त्या एकमेकांवर चालून गेल्या. कोणी कोणाचं आधी जाळलं, हे तिथल्यांनाही सांगता येत नव्हतं.

"बाबा, सत्यजित कालच निघाला ना तिथून?"

"निघाला. शहरात नाहीच आहे तो. बेटावर आहे, काही काळजी नको."

बोलले खरे, पण लगेच उठून फोनकडे गेले. हॉटेलचा फोन लागेना. अंबोनचा कुठलाच फोन लागेना, नुसती एक लांब शिटी वाजे. वायमोरीत फोन कधी नव्हताच. ऋताने जकार्तातल्या भारतीय दूतावासाचा नंबर शोधून काढला आणि तासाभराने लाइन मिळवली. फ्रिजवर चुंबकाने लावलेली सत्यजितच्या हातची चिठ्ठी काढून ती गावाचं नाव एकेक अक्षर करून सांगू लागली. टी, ए, एन, जे.

वसंतराव समोरच उभे होते. खरं नाव सांगावं असं त्यांना वाटलं. पण अडकलेल्यांची ही यादी दहा हापिसांतून फिरणार, जकार्तातले सिंधी व्यापारी दूतावासात चहाला बसलेले असतात, असा हिशेबी विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेलासुद्धा. दंगल शहरात आहे, बेटावर काय व्हायचंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला किती चटकन समजावतो, ते त्या दिवशी त्यांच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

"डॅडा इज कमिंग ऑन सॅटरडे," देवांश म्हणाला. "ही प्रॉमिस्ड."

"हो रे राजा," ऋता म्हणाली आणि चिठ्ठी पुन्हा फ्रिजवर लावली.

बुधवारी सकाळी वसंतराव देरातल्या ऑफिसात जाऊन बसले. ईदची सुट्टी, गल्लीतली शटरं खाली, खालच्या दुकानाचीही. एरवी लवंग-दालचिनीच्या वासाने डोकं दुखायचं, आज तो वासही विरळ वाटत होता. ते फॅक्स मशीनपुढे खुर्ची घेऊन बसले. अकराला मशीन वाजलं. कागद सरकत बाहेर येऊ लागला, तो पुरता यायच्या आत त्यांनी ओढून घेतला. कार्पेट धुऊन देणाऱ्या कुणाची जाहिरात होती.

ऋता देवांशला शेजारणीकडे ठेवून टॅक्सीने आली. घरात तिला बसवत नव्हतं. दोघं त्या मशीनकडे बघत बसली असताना जिन्यावर पावलं वाजली आणि खैरुद्दीनभाई आले.

खैरुद्दीनभाई म्हणजे गल्लीच्या पलीकडच्या बाजूचे मसाल्याचे व्यापारी, दापोलीकडचे. वीस वर्षं समोरासमोर बसून दोघांनी एकमेकांचे ग्राहक पळवले आणि एकमेकांचा चहा प्याला. वायमोरीचं नाव ज्यांच्यापासून लपवायला म्हणून वसंतराव गोणी बदलत होते, त्यांत पहिला नंबर यांचाच. आज ईदच्या नव्या झब्ब्यावर ते तसेच आले होते.

"ईद मुबारक," वसंतराव म्हणाले.

"कसली मुबारक, शेठ. पोरगं तिकडे आहे ना तुमचं? मला रात्री कळलं." ते खुर्ची ओढून बसले. "ऐका. अंबोनमध्ये माझा माणूस आहे, हनीफ. आमच्याच गावचा, तिकडचीच बायको केलीय. बंदरात एका जहाजावर सॅटेलाइट फोन आहे, त्यावरून त्याचा कॉल आला. त्याची स्वतःची मोटरबोट आहे. उद्या पहाटे तो निघतो आणि सत्यजितला उचलून थेट जहाजावर घालतो. दोन्हीकडची माणसं ओळखतात त्याला, एवढं जमेल. पण पेट्रोल फक्त एका फेरीचं आहे. शोधत फिरायला जमणार नाही. गाव कुठलं, तेवढं सांगा."

"तांजुंग सिरी," वसंतराव म्हणाले.

अकरा वर्षांची सवय. कुणी कळ दाबावी तसं ते तोंडातून निघालं. शब्द बाहेर पडला आणि त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

खैरुद्दीनभाई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिले. "नक्की ना, शेठ? तिथेच गेलाय?"

"तांजुंग सिरीच," ऋता मध्येच म्हणाली. "मला लिहून दिलंय त्याने. दूतावासालाही तेच कळवलंय."

"मग झालं. तुमच्या घरचीच खात्री असली तर प्रश्न नाही."

आता बोलायला हवं होतं. सुनेसमोर, या माणसासमोर, मी अकरा वर्षं खोटं बोलतोय आणि आत्ताही बोललो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगितलं की वायमोरी गेलं, पुढल्या सासीला अंगणात हनीफ उभा. त्यातून त्यांनी स्वतःसाठी एक पळवाट काढली. वायमोरी बेटाच्या मागल्या बाजूला आहे, मागे डोंगर आहे, जंगल आहे, तिथे कोण जातंय मारामारी करायला? हनीफ तांजुंग सिरीला जाईल, रिकामा परत येईल. कुणाचं काय बिघडणार आहे?

"इन्शाल्ला, उद्या दुपारपर्यंत आवाज ऐकवतो पोराचा," खैरुद्दीनभाई उठत ऋताला म्हणाले. "रडू नकोस, पोरी."

ते गेल्यावर ऋताने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा देवाला करायचा होता आणि समोर हे होते. वसंतरावांनी पाय मागे घेतले.

भीती काही एकदम येत नाही. बुधवारच्या दुपारपासून ती वसंतरावांच्या अंगात पाण्यासारखी चढत गेली. संध्याकाळच्या बातम्यांत त्या बाईने सांगितलं की आग आता आजूबाजूच्या बेटांवर पोचली आहे. नकाशा दाखवला. त्यात नुसाहातू नव्हतं, ते कधीच कुठल्या नकाशात नसे आणि याचा त्यांना आजवर आनंदच व्हायचा. आज त्या निळ्या समुद्रात ते बेट शोधत ते पडद्याशी जाऊन उभे राहिले. सत्यजित कुठे आहे, हे ज्याला ठाऊक आहे असा या सगळ्या जगात आपण एकटेच माणूस आहोत, हे त्यांना तेव्हा कळलं. आपण आत्ता इथे आडवे झालो, छातीत कळ येऊन संपलो, तर त्याला कुणी शोधायलाही जाणार नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते ऋताला म्हणाले, "चल. खैरुद्दीनकडे जाऊ."

"दुपारी फोन करतो म्हणालेत ना ते?"

"मला सांगायचंय त्यांना काहीतरी. तुलाही."

टॅक्सीत ऋताने दोनदा विचारलं, मग तिने नाद सोडला. पण सासऱ्यांच्या चेहऱ्याचा रंग बघून ती सीटच्या कडेला येऊन बसली. सत्यजित गेला आणि यांना ते कळलंय, असंच तिला वाटलं असणार.

खैरुद्दीनभाईंच्या फ्लॅटचं दार बेल वाजायच्या आतच उघडलं. ते चप्पल घालूनच उभे होते.

"मी तुमच्याकडेच निघालो होतो," ते म्हणाले. "आत या."

आत ईदचे पाहुणे होते, त्यांच्या बायकोने त्यांना दुसऱ्या खोलीत हलवलं. खैरुद्दीनभाई बसले नाहीत.

"हनीफ जाऊन आला. तांजुंग सिरीत अर्धी घरं जळलीत. हनीफच्या बोटीवर दगड आले, तरी तो उतरला. घराघरांत विचारलं." ते थांबले. "शेठ, तिथली माणसं म्हणाली, इथे हिंदी व्यापारी कधी आलाच नाही. यंदा नाही आणि आधीही नाही. हे कसं?"

ऋता एकदम सासऱ्यांकडे वळली.

"तो तिथे नाही," वसंतराव म्हणाले. "तो वायमोरीला आहे. नुसाहातू. आम्ही कायम वायमोरीचाच माल आणतो. तांजुंग सिरी खोटं आहे. मी काल खोटं सांगितलं."

ऋता म्हणाली, "चिठ्ठीवर त्याच्या हातचं आहे, बाबा."

"मीच सांगितलं होतं त्याला. कुणालाही सांगायचं नाही म्हणून."

"मलासुद्धा?"

खैरुद्दीनभाई हळूच खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"वायमोरी मला माहीत आहे, शेठ," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. हनीफने सत्यजित यायला लागायच्या आधीच तुम्हाला बघितलंय तिथे. मला म्हणाला, भाईजान, फर्स्ट क्लास माल आहे, आपण उभे राहू सासीला. मी म्हटलं, नको, ते सामंतशेठनी उभं केलेलं गाव आहे, त्यांच्या ताटात हात नाही घालायचा."

"मग," ऋताचा आवाज फुटत होता, "मग तुम्ही बोट तिथे का नाही पाठवली, काका? तुम्हाला माहीत होतं तर?"

"कारण बाप सांगत होता, बेटा." त्यांनी वसंतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. "गल्लीत आम्ही सगळे खोटं बोलतो. मीपण बोलतो. पण पोराच्या जिवाची गोष्ट होती. मला वाटलं, आज तरी हा माणूस खरं बोलत असेल, यंदा खरंच तांजुंग सिरीला गेलं असेल पोर. मी एकदा विचारलंसुद्धा, नक्की ना? तूही होय म्हणालीस. हनीफ मला म्हणत होता, वाटेत वायमोरी लागतं, बघून जाऊ का? मीच त्याला सांगितलं, पेट्रोल नाही, कुठे थांबू नकोस, यल्ला, सीधा जा."

खैरुद्दीनभाई आता वसंतरावांकडे वळले.

"आणि ऐका, ऐकायलाच हवं तुम्ही. हनीफने वायमोरीच्या किनाऱ्यावर माणसं बघितली आज सकाळी. पांढरं कापड हलवत होती. दोनशे मीटरवरून तो निघून गेला."

ऋताने तोंडावर हात दाबून धरला आणि ती जमिनीवरच बसली. वसंतराव तिच्याकडे गेले, पण तिने दुसरा हात पुढे केला, जवळ येऊ नका, असा. पुढचे दोन दिवस ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

खैरुद्दीनभाई मात्र बोलत बसले नाहीत. त्यांनी त्या जहाजाला सतरा वेळा फोन लावला, अठराव्यांदा लागला. हनीफकडे पेट्रोलचा थेंब नव्हता. मग कुणाच्या ओळखीने, कुणाचे पाय धरून त्याने ते शुक्रवारी मिळवलं आणि शनिवारी पहाटे पुन्हा निघाला. हे दोन दिवस वसंतरावांनी कसे काढले, ते सांगण्यासारखं नाही. जेवण समोर येई, तसंच परत जाई. देवांशने शनिवारी सकाळी आपले बूट स्वतः घातले आणि दाराशी जाऊन बसला. "टुडे इज सॅटरडे, आजोबा," तो म्हणाला. वसंतराव त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. नातवाच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती होईना, त्याच्या बुटांकडे बघत राहिले. याला काय सांगायचं, कुणी सांगायचं, सांगताना ऋता कुठे असेल, इथपर्यंत त्यांचं मन जाऊन पोचलं होतं.

दुपारी फोन वाजला. ऋताने उचलला. ती काहीच बोलेना, आणि वसंतरावांना वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "सत्यजित," आणि फोन तसाच कानाला धरून रडू लागली.

तो घरी यायला आणखी आठ दिवस गेले. जहाजाने सुराबाया, तिथून जकार्ता, तिथून दुबई. विमानतळावर तो पुढे आला तेव्हा वसंतरावांनी त्याला आधी ओळखलं नाही. दाढी वाढलेली, कुणाचा तरी मोठा शर्ट अंगात, आणि तो चालताना मधूनमधून मागे वळून बघत होता. त्यांनी त्याला छातीशी धरलं आणि भर विमानतळावर रडले. त्यांना वाटलं, सुटलो.

ऋताने त्याला काही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं ते वसंतरावांना समजत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. ती त्यांना वेळेवर चहा देई, पानही वाढी. चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, आणि तेच वसंतरावांना सोसवत नव्हतं.

सत्यजित चार दिवस नुसता झोपला. पाचव्या दिवशी सकाळी, देवांश शाळेत गेल्यावर, तो जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला आणि न विचारता बोलू लागला. वसंतराव समोर बसले होते, ऋता मेथी निवडत होती.

"मंगळवारी रात्रीच गाव सोडलं आम्ही. मागे डोंगरात, जायफळाच्या झाडांत बसलो होतो सगळे. साडेतीनशे-चारशे माणसं, पोरंबाळं. समुद्रात बोटी फिरत होत्या, कुणाच्या ते कळत नव्हतं. पण खाली कुणी उतरत नव्हतं, कारण गाव रिकामं दिसत होतं. ओपाने सांगितलं होतं, चूल पेटवायची नाही, पोराला रडू द्यायचं नाही. सासीच्या झावळ्या तशाच होत्या. पोरांना भूक लागली तरी ओपा एका फळाला हात लावू देईना. म्हणाला, गुरुवार येऊ दे."

तो पाणी प्याला.

"गुरुवारी सकाळी हिरव्या ताडपत्रीची बोट दिसली. ओपाने लांबूनच ओळखली. म्हणाला, ही हनीफची बोट आहे, अंबोनचा माणूस, चांगला आहे, तुला न्यायलाच आला असणार. मी म्हटलं, नको खाली जायला. तो म्हणाला, तू पाहुणा आहेस, तुला घरी पोचवणं माझ्याकडे आहे. चर्चमधलं टेबलावरचं पांढरं कापड घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे होऊन किनाऱ्यावर गेला. आम्ही वीसेक जण होतो मागे. मी ओरडलो, शर्ट काढून हलवला. बोट इतकी जवळून गेली बाबा, की मला हनीफची टोपी दिसली. त्याने आमच्याकडे बघितलं. आणि थांबला नाही."

ऋताचे हात थांबले होते.

"मग त्या दुसऱ्या बोटींना कळलं की गावात माणसं आहेत. अर्ध्या तासात आले. आम्ही वर पळालो. ओपाचा गुडघा दुखरा, त्याला चढ चढवेना. मी ओढत होतो त्याला, त्याने माझा हात सोडवला." सत्यजित टेबलाकडे बघत बोलत होता. "चर्चच्या पायरीवर मारला त्याला. आणि घरं, वखार, सगळं जाळलं. शनिवारी हनीफ परत आला, तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो नुसता मान खाली घालून उभा होता. मला काही सांगेना. बोटीत बसा, एवढंच म्हणे. अजून कळत नाही मला. कुणी त्याला सांगितलं असेल थांबू नको म्हणून?"

वसंतरावांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"बोट निघून गेली ना, तेव्हा मी शिव्या देत होतो," सत्यजित म्हणाला. "तर ओपा मलाच समजावत होता. म्हणाला, रागावू नकोस, त्याला कुणी सांगितलंच नसेल की इथे तू आहेस."

ऋताने मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. तिला सांगता आलं असतं, पण ती बोलली नाही. इतके दिवस ती कशासाठी गप्प होती, ते वसंतरावांना आता कळलं. हे त्यांनीच सांगायचं होतं.

"हनीफने विचारलं होतं," ते म्हणाले. "खैरुद्दीनभाईंकडून मला विचारलं होतं, पोरगं कुठल्या गावात आहे. मी तांजुंग सिरी सांगितलं."

सत्यजितने त्यांच्याकडे पाहिलं. का सांगितलंत, असं त्याने विचारलं नाही; ते त्याला धंद्याच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.